रुसव्यात मोडलेला विमा

माझ्या साडूंइतका मनापासून रुसणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर आजवर झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. रागावणारी माणसं पुष्कळ असतात. त्यात विशेष काय? आवाज चढवला, दोन भांडी आपटली, झालं. साडू रागवत नसत. ते रुसत, आणि तेही अगदी रीतसर. आधी चष्मा काढून खिशात ठेवायचा, म्हणजे समोरचं जग दिसायला नको. मग खुर्ची भिंतीकडे वळवायची. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणायचं, "माझं काही म्हणणं नाही." हे वाक्य कानावर पडलं की घरातली जाणती माणसं समजून जात की आता साडूंचं पुष्कळ म्हणणं आहे आणि ते काढून घ्यायला निदान दोन माणसं आणि एक चहा लागणार आहे. चहाबरोबर बशी आली नाही म्हणून ते रुसलेले मी पाहिले आहेत, आणि न विचारता बशी आणली, "मला काय म्हातारा समजलात?" म्हणूनही रुसलेले पाहिले आहेत.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. मूळचे शिरपूरकडचे. पोरवयात सुरतेला आले ते उधन्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये साड्यांच्या रंगाईवर लागले आणि रंगमास्तर झाले. बोटं कायम रंगलेली. आज जांभळी, उद्या मोरपिशी. त्या बोटांवरून सुरतेच्या बाजारात यंदा कुठला रंग चालतोय ते आमच्या बायकांना दुकानदारांच्या आधी कळे. मी त्याच भागातल्या मराठी शाळेत मास्तर. माझं गाव नाशिक, त्यामुळे माझ्याशी ते ठेवणीतली मराठी बोलत, अक्कांशी अहिराणी, मिलमध्ये गुजराती, आणि रुसले की कुठलीच नाही.

रुसवा काढून घेण्याची त्यांना इतकी सवय झाली होती त्याला कारण आम्ही सगळेच. त्यांच्या मिलचा शेठ बघा. दर दिवाळीला बोनसच्या वेळी काहीतरी बिनसायचं, साडू राजीनामा टेबलावर ठेवून घरी यायचे आणि पुढच्या खोलीत बसून राहायचे. दार मात्र नुसतं लोटलेलं. कडी कधी घालत नसत, समजूत काढायला येणाऱ्याचा खोळंबा नको म्हणून. संध्याकाळपर्यंत शेठची गाडी गल्लीच्या तोंडाशी यायची. शेठ स्वतः उतरून म्हणायचे, "अरे मास्टर, हवे चालो ने! तमारा वगर गुलाबी गुलाबी थतो नथी." त्यांच्यावाचून मिलमध्ये गुलाबी रंग जमत नसे म्हणे. साडू भिंतीला विचारायचे, "कोण आलंय?" मग चष्मा खिशातून बाहेर. दूधवाल्या भरवाडाचंही तेच. एकदा दुधात पाणी दिसलं म्हणून त्यांनी दूध बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून तो भरवाड किटली घेऊन पायरीवर येऊन बसू लागला. बोलत काही नसे, नुसता बसे. शेवटी साडूंनीच त्याला आत घेतलं, त्याच्याच दुधाचा चहा पाजला आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला साडी दिली. ही त्यांची दुसरी बाजू. समजूत निघाली की त्या माणसाच्या हाताला खळ नसे. खमणाचे पुडे काय, पोंकाच्या, म्हणजे हुरड्याच्या दिवसांत पोंक काय, शेव काय! आमची पोरं तर काकांचा रुसवा कधी निघतो म्हणून देव पाण्यात घालून बसत. एकदा धाकट्याने विचारलंही होतं, "बाबा, काका बरेच दिवस रुसले नाहीत, बरं नाही का त्यांना?"

अशा माणसाच्या घरात एकच गोष्ट होती जिच्यावर ते कधीच रुसले नव्हते. ती म्हणजे विम्याची पॉलिसी. त्यांचे वडील ऐन उमेदीत, एका सकाळी अंघोळीला बसलेले, उठलेच नाहीत. पुढे त्यांच्या आईने दोन्ही दिरांच्या चुलीशी कष्ट काढून दिवस घालवले. साडूंनी ते लहानपणी पाहिलं होतं. लग्न झाल्यावर त्यांनी अक्कांना पहिली कुठली गोष्ट आणून दिली असेल तर ती साडी नव्हे, विम्याचा कागद. "तुझ्यावर ती वेळ यायची नाही," असं तेव्हा म्हणाले होते. अक्कांनी ते वाक्य आणि तो कागद दोन्ही कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवलं होतं. पॉलिसी उतरवली होती आमच्या मेहुण्याने, म्हणजे अक्कांच्या आणि माझ्या बायकोच्या पाठच्या भावाने. तो तेव्हा नुकताच एजंट झाला होता, आणि एजंट झालेला माणूस पहिला विमा आपल्या दाजींचाच उतरवतो. मोठ्या दाजींचा उतरवला, मग माझाही उतरवला. साडू हप्ता भरायला कधी चुकले नाहीत. सणावाराचा खर्च आखडतील, पण हप्त्याच्या दिवशी माणूस सकाळीच अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून तयार.

आणि हीच पॉलिसी त्यांनी मोडली. कधी? तर सुरतेत प्लेग येऊन गेल्यावर, जेव्हा सगळं गाव घाबरून विमा उतरवत होतं तेव्हा. मेहुण्याला जेवायला सवड नव्हती इतकी माणसं विमा काढायला येत होती, आणि आमचे साडू उलट्या वाटेने निघाले.

झालं असं. दोंडाईच्याला बायकोच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. खानदेशातल्या लग्नात पाहुण्यांना टोपी-टॉवेलचा मान असतो. मांडवात माईकवरून एकेकाचं नाव पुकारतात, पाहुण्याने पुढे यायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध. कोणाचं नाव आधी, कोणाचं मागून, यावर तिथे भावाभावांत वर्षानुवर्षं अबोला चालतो. माईक होता आमच्या मेहुण्याच्या हातात. साडू त्या वेळी मांडवाबाहेर बँडवाल्याला सनईचा सूर समजावून सांगत होते. कोणी न सांगता त्यांनी ते काम अंगावर घेतलं होतं. मी मेहुण्याच्या अगदी नाकासमोर उभा. त्याने आपलं माझं नाव पुकारलं! धाकट्या जावयाचं नाव आधी. मी पुढे जाऊन टोपी घालून घेतली. नाही म्हणायचं मला सुचायला हवं होतं म्हणे, पण माईकवर आपलं नाव ऐकून नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. साडू आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल पडला. टोपी संपली होती.

साडूंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये ते येताना खिडकीकडे तोंड करून बसले. नंदुरबारला मी भजी घेतली, नवापूरला अक्कांनी डबा उघडला, व्याऱ्याला माझ्या बायकोने चहा पुढे केला. "माझं काही म्हणणं नाही." समजूत काढायचा अधिकार एका मेहुण्याचा होता आणि तो दोंडाईच्याहून दुसऱ्या गाडीने येणार होता. आला तो थेट कामाला जुंपला. मार्चअखेर म्हणजे एजंट लोकांचा सुगीचा हंगाम. साडू आठवडाभर दार लोटून बसले. मेहुणा काही फिरकला नाही. मग त्यांनी माझ्यामार्फत निरोप धाडला, "सांगा तुमच्या मेहुण्याला, पॉलिसी मोडतोय म्हणावं." तो सायकलवर एक पाय टाकूनच हसला. म्हणाला, "दाजी बोलतात हो, करत नाहीत. एकतीस तारीख होऊ द्या, येतो टोपी घेऊन."

हा निरोप मी जसाच्या तसा द्यायला नको होता की काय कोण जाणे, पण साडू उठले. इस्त्रीचे कपडे घातले, अक्का चक्कीवर गेल्या होत्या तेवढ्यात कपाटातून कागद काढला आणि मला म्हणाले, "चला. साक्षीला तुम्ही पाहिजेत." वाटेत रिक्षात त्यांनी सगळं काय होणार ते मला समजावून सांगितलं. आपण पॉलिसी मोडायची म्हटलं की साहेब खुर्चीतून उठणार. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक! चहा मागवणार. विचारणार, "काय झालं? आमचं काही चुकलं का?" मग आपण सांगायचं, "माझं काही म्हणणं नाही." मग ते मेहुण्याला बोलावून घेणार, चारचौघांत त्याला दोन शब्द सुनावणार, तो पाया पडणार, आणि आपण पॉलिसी घेऊन परत यायचं. "एवढं मोठं ऑफिस आहे, माणसं शिकलेली आहेत, रीतभात असणारच," साडू म्हणाले. शेठ गाडी घेऊन येतो, भरवाड पायरीवर बसतो, तर विमा कंपनी काय नुसती बघत राहील?

खिडकीपलीकडे एक गुजराती बेन बसल्या होत्या. साडूंनी पॉलिसीचा कागद पुढे ठेवला आणि आवाज जड करून म्हणाले, "सरेंडर करायची आहे." बेन म्हणाल्या, "हा, बेसो ने काका," आणि कुठल्याशा कपाटातून कागद काढून पेनाने दोन जागी फुल्या केल्या. "अहीं सही करो. ने अहीं." साडू माझ्याकडे बघतात, मी साडूंकडे बघतो. साडूंनी घसा साफ केला. "कारण नाही विचारलंत?" बेन गोड हसल्या. "कारणनी कॉलम नथी, काका."

मी त्या वेळचा त्यांचा चेहरा विसरलेलो नाही. सप्तरंगी साडी धुतल्यावर पांढरी निघावी तसं झालं होतं. त्यांनी पाणी मागितलं. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. पंखा फार हळू फिरतो असं म्हणून बघितलं. "दोन दिवस विचार करून या, असं काही म्हणण्याची पद्धत नाही का तुमच्यात?" असंही विचारून झालं. बेन म्हणाल्या, "ना काका, आजे ज थई जशे. टिकट चोंटाडो." रेव्हेन्यू तिकीट ओलं करून चिकटवायला माणसाला किती वेळ लागू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मी कोपराने ढोसलं, "साडूभाऊ, पुरे. उठा, घरी चला." पण माझ्या समजुतीला किंमत काय? ज्याच्या डोक्यावर आधी टोपी पडली त्याने समजूत काढली आणि आपण ऐकली, असं झालं असतं तर जगात तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी सही केली. बेननी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

तरी बाहेर आल्यावर म्हणतात, "चेक यायला वेळ लागतो. तोवर येतील बघा कोणीतरी." आणि पुन्हा घरी दार लोटून बसले. त्या दारातून आला तो पोस्टमन.

पाकीट अक्कांच्या हातात पडलं. त्यांना तोवर काही ठाऊक नव्हतं. पाकिटात भरलेल्यापेक्षा बरंच कमी होतं, पण त्या त्याबद्दल काही बोलल्याच नाहीत. मी तिथेच होतो, पेपर परत द्यायला गेलो होतो. घरात सदा अहिराणी बोलणाऱ्या अक्का त्या दिवशी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी बोलल्या. म्हणाल्या, "राग तुमचा माझ्या भावावर होता. मोडलंत ते माझं." आणि आत जाऊन खिचडी टाकली. भांडण नाही, रडणं नाही. साडू भिंतीकडे वळलेल्या खुर्चीतून उठले आणि खुर्ची सरळ केली. लग्नानंतर पहिल्यांदाच कोणी न सांगता सरळ केली असेल.

मेहुणा एकतीस तारीख उलटल्यावर टोपी घेऊन आला तो अशा घरात. सगळं ऐकून त्याने ती टोपी स्वतःच्याच डोक्यावर आपटून घेतली. "दाजी, खरंच मोडली? अहो, हप्ता थकवायचा होता! थकलेली पॉलिसी दंड भरून पुन्हा चालू करता येते. मोडलेली नाही येत. ती मेली." आता नवीन उतरवायची तर आजच्या वयाने, म्हणजे हप्ता जड. विमा मिळणार तो लहान. आणि डॉक्टरी तपासणी पहिल्यापासून, त्यात काही निघालं तर कंपनी नाहीच म्हणणार. "जुनीत तुम्हाला कोणी काही विचारलं नसतं हो, साखर होवो नाहीतर काही होवो! तरुणपणात उतरवलेली होती!" साडूंनी पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. मग म्हणाले, "नवीन उतरव." इतकंच.

पण उतरवायची कशी? अर्जात एक रकाना होता: पूर्वी विमा होता का, बंद केला असल्यास कारण काय. ते वाचल्याबरोबर साडूंचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला. "घ्या! शेवटी विचारलं की नाही कोणीतरी!" आणि पेन उघडून त्यांनी दोंडाईच्याच्या लग्नापासून सुरुवात केली. रकाना संपला, समासात गेले, मग म्हणाले, जोडपत्र आण. मेहुण्याने हात जोडले. "दाजी, टोपी नाही मिळाली म्हणून विमा मोडला असं लिहिलं तर कंपनी तुम्हाला वेड्यात काढेल. आर्थिक अडचण लिहा." झालं! "आर्थिक अडचण? मला? उद्या शेठने वाचलं तर? माले काय अडचन शे?" साडू ठेवणीतली मराठी विसरले म्हणजे प्रकरण पेटलं समजायचं. ते म्हणत खरं लिही, हा म्हणे थोडक्यात लिहा. त्या एका रकान्यावर आमचा अख्खा पावसाळा गेला. शेवटी 'कौटुंबिक कारण' यावर तह झाला. तोही मी मध्ये पडलो म्हणून.

आणि तपासणीची तारीख कुठली मिळावी? चंदनी पडव्याच्या दुसऱ्या दिवशीची. कोजागरीनंतरच्या त्या दिवशी सुरतेत घारी खात नाही असा माणूस एक तर बाहेरगावी असतो नाहीतर दवाखान्यात. तुपात थबथबलेली ती घारी शेठने दरसालप्रमाणे डबाभरून पाठवली होती, आणि परत पाठवली तर शेठ रुसला असता. रुसणाऱ्याचं मन साडूंखेरीज कोण जाणणार? त्यांनी डबा संपवला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "गई काले घारी खाधी?" साडू म्हणाले, "तुमच्या टेबलावर पण डबा दिसतोय, डॉक्टरसाहेब." डॉक्टर हसले, पण लिहायचं ते लिहिलंच. आणखी तपासण्या झाल्या. साखर नुसती घारीची नव्हती, खरोखरचीच होती. थोडीशी, पण होती. रक्तदाबही वर. कंपनीचं पत्र आलं की तूर्त विमा देता येत नाही, काही महिन्यांनी प्रकृती सुधारली तर पुन्हा अर्ज करावा.

त्या संध्याकाळी साडू माझ्याकडे आले आणि पायरीवर बसले. चष्मा डोळ्यांवरच होता. म्हणाले, "साडूभाऊ, माझे वडील गेले ना, त्याच वयात आलोय मी. आता मी गेलो तर काय हो करायचं?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मी आपलं काहीतरी बोललो, "अहो, असं काय बोलता," वगैरे. त्यांनी मान हलवली. मग उठले, धोतर झटकल्यासारखी पॅन्ट झटकली आणि म्हणाले, "ठीक आहे. विमा मिळेपर्यंत मरायचं नाही. ठरलं."

आणि त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका! स्कूटर विकायला काढली. उधन्याचा मोठा रस्ता ओलांडायचा तर दोन्हीकडच्या रिक्षा, टेम्पो, हातगाड्या सगळं जाऊ द्यायचं, लांबवर काही दिसलं तर तेही येऊन जाऊ द्यायचं. लोक पलीकडे जाऊन, भाजी घेऊन परत येत, साडू अजून अलीकडेच. घरात पंख्याच्या बरोबर खाली बसणं बंद. माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढले तर डोक्यावर हेल्मेट. विकायला काढलेल्या स्कूटरचंच ते. उत्तरायणात सगळी सुरत गच्चीवर पतंग उडवत होती, तेव्हा हे गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून खिडकी लावून आत. तंबाखू सुटली. घारी, जिलबी, बासुंदी यांची नावंसुद्धा घरात काढायची नाहीत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, त्यांनी रुसणं सोडलं! डॉक्टर म्हणाले होते की मनाला लावून घेतल्याने रक्तदाब चढतो. त्या दिवाळीला शेठने बोनस कापला तरी साडू राजीनामा न देता "बरं" म्हणाले, तेव्हा शेठच घाबरून संध्याकाळी गाडी घेऊन घरी आला, मास्टरची तब्येत बरी आहे ना बघायला. मी विचारलं तर म्हणाले, "सध्या रुसता येत नाही हो. विमा नाही ना."

डॉक्टरांनी चालायलाही सांगितलं होतं. एकटे गेले आणि वाटेत काही झालं तर? म्हणून अक्का बरोबर निघाल्या. लग्न होऊन सुरतेला आल्यापासून अक्का कधी काम नसताना घराबाहेर पडल्या नव्हत्या. चक्की, भाजी, देऊळ आणि आमचं घर, एवढीच त्यांची सुरत. आता रोज पहाटे नहरच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने दोघं निघत. साडू ट्रक जातात त्या बाजूला अक्कांना येऊ देत नसत, आणि स्वतःही जात नसत, त्यामुळे दोघं अगदी चिकटून काठाकाठाने चालत. थंडीपासून होळी उलटेपर्यंत नहरवर नीरा विकायला बसतात. साडूंना ती बंद, म्हणून अक्का प्यायच्या आणि ते शेजारी उभे राहून "कशी आहे? गोड आहे?" असं विचारायचे. हळूहळू अक्कांच्या अंगात वारं भरलं. भाजीवाल्या बायकांशी गुजरातीत घासाघीस करायला लागल्या. चालायला म्हणून कॅनव्हासचे बूट घेतले, नऊवारी नव्हे पण साडी चांगली वर खोचून झपझप चालायच्या. परत येताना आमच्या ओट्यावर टेकायच्या आणि वाटेत साडू कुत्र्याला घाबरून कोणाच्या अंगणात शिरले, त्या घरच्या म्हाताऱ्याने त्यांना चोर समजून काय विचारलं, हे सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. माझी बायको म्हणाली, "अक्का लहानपणी अशी हसायची. मी विसरलेच होते."

होळीच्या सुमाराला पुन्हा तपासणी झाली. साखर उतरलेली, रक्तदाब जागेवर, वजन घटलेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, तमे तो जुवान थई गया!" विमा मिळाला. पहिल्याहून लहान, हप्ता पहिल्याहून चांगलाच जड, वर प्रकृतीसाठी जादा आकार तो वेगळाच. पण मिळाला. मेहुण्याने कागद आणला तेव्हा साडूंनी तो स्वतः न घेता अक्कांच्या हातात द्यायला लावला. अक्कांनी देवापुढे ठेवला, मग कपाटात साड्यांच्या खाली नेऊन ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि साडूंचेही, आणि खोटं कशाला बोलू, माझेही. मग मांडे झाले, बासुंदी झाली, साडूंनी इतक्या महिन्यांची कसर एका बैठकीत भरून काढली. मेहुणा म्हणाला, "दाजी, जरा बेतानं." तर म्हणतात, "आता काय भ्यायचं? विमा आहे."

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी दूध आणायला निघालो होतो. नहरच्या रस्त्यावर अक्का दिसल्या. कॅनव्हासचे बूट घालून एकट्याच चालल्या होत्या. मी गाठून विचारलं, "साडूभाऊ कुठे?"

"घोरत पडलेत. उठवलं तर म्हणतात, आता कशाला चालायचं, कागद आला ना."

मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, सांगू का? तो कागद अजून वर्षभर लटकला असता ना, तरी चाललं असतं मला." त्या स्वच्छ मराठीत बोलत होत्या. "मला वाटायचं, कागद असला म्हणजे बाईमाणसाला सगळं असतं. तो नव्हता तेव्हा हा माणूस रोज सकाळी माझ्याजवळ चालत होता." एवढं बोलून त्यांनी पाऊल उचललं आणि पुढे निघून गेल्या.

मी दूध तसंच सोडून साडूंच्या घरी गेलो आणि पांघरूण ओढलं. "उठा! अक्का एकट्या चालल्यात नहरवर." मला वाटलं होतं, ऐकून कूस बदलतील, चष्मा शोधून खिशात घालतील, भिंतीला काहीतरी सांगतील. साडू उठून बसले. "एकटी?" म्हणाले. "ट्रकच्या बाजूनं?" मी खरं तर पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, हो. तो माणूस गंजीफ्रॉकवर निघाला. एका पायात स्वतःची चप्पल, एका पायात अक्कांची. उधन्याचा मोठा रस्ता त्याने डावीउजवीकडे न बघता ओलांडला. एक रिक्षावाला कच्चकन ब्रेक दाबून शिव्या घालत राहिला. मी मागे धावत होतो, पण त्यांना गाठणं माझ्याच्याने झालं नाही.

नहरवर पोचलो तेव्हा ते अक्कांच्या मागे दोन हातांवर होते. "अवं, आयकी तं ले!" म्हणत होते. अक्का ऐकत नव्हत्या. मान पाण्याकडे वळवलेली, पाऊल आणखी भरभर. साडू एकदा डाव्या बाजूने गेले, एकदा उजव्या. नीरावाल्याजवळ थांबून एक ग्लास घेतला, तो हातात धरून पळताना अर्धा सांडला, उरलेला पुढे केला. अक्कांनी बघितलंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा अक्का रुसल्या होत्या, आणि साडूंना काय करावं ते उमगत नव्हतं. समजूत काढून घेणंच त्यांना ठाऊक. काढायची कशी, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. बावचळून त्यांनी नहरच्या वळणावर जे हाती लागलं ते केलं. अक्कांचा हात धरला, भर रस्त्यात, उधन्यातल्या पाळीवरून सुटलेल्या सगळ्या कामगारांच्या देखत. तो त्यांनी सोडवून घेतला की नाही, हे मला माझ्या चष्म्यातून इतक्या लांबून दिसलं नाही. पावलं मात्र दोघांची एकदम मंद झालेली दिसली.

निवृत्त झाल्यावर मी नाशिकला आलो, त्यालाही आता किती काळ लोटला. मेहुण्याचा अधूनमधून फोन येतो. साडूंचे गुडघे गेलेत, अक्कांना डोळ्यांनी कमी दिसतं, पण सकाळी नहरवर जातात म्हणे, हळूहळू, जमेल तेवढं. तो विमा मध्येच कधीतरी मुदत भरून संपला. पुन्हा उतरवायचं वय राहिलं नाही, आणि मेहुणा सांगतो की दोघांपैकी कोणी त्याबद्दल विचारलंही नाही.